हिल गेला, मग त्याच्या जागी कोण? चीफ्सच्या तीन ऑफसीझनचा हिशेब

ओंकार, तुझा पुण्याहून आलेला मेसेज आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल की कशाबद्दल एवढं चाललंय. तू विचारलंयस की मामा, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या कॅन्सस सिटी चीफ्सने २०२२ ला टायरीक हिलसारखा रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन बॉल पकडणारा, विकला आणि मग तीन ऑफसीझन, म्हणजे दोन सीझनच्या मधला काळ, नुसते प्रयोग करत बसले, एकदाच एखादं मोठं नाव आणलं असतं तर एवढी बोंबाबोंब झाली असती का? आणि शेवटी, माझ्याकडची हिलची १० नंबरची जर्सी आता फेकून देऊ का? जर्सीचं शेवटी सांगतो.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी ओव्हरलँड पार्कला राहतो, म्हणजे स्टेडियम मिझुरीत आणि आम्ही राज्याच्या सीमेच्या अल्याड कॅन्ससमध्ये. मुलगा लहानपणी खेळायला लागला तेव्हा साइडलाइनला पाण्याच्या बाटल्या भरत होतो, मग कोण तरी म्हणालं जरा कोन लावा, मग शिट्टी हातात आली, आणि आता बारा वर्षं झाली, संध्याकाळी ऑफिस सुटलं की हायस्कूलच्या ज्युनिअर टीमच्या रिसीव्हर पोरांना शिकवतो. एनएफएलचा कोच नाहीये मी, पण रिसीव्हर नावाचा प्राणी रोज जवळून बघतो. सांगलीत शाळेत असताना खो-खो खेळलोय, त्याचा इथे जेवढा उपयोग झाला तेवढा इंजिनिअरिंगचाही झाला नसेल, त्यावर येतो पुढे.

तर पहिलं, हिलला विकणं. मला विचारशील तर ते बरोबर होतं, आणि हे मी आत्ता शहाणपण सुचल्यावर नाही म्हणत, तेव्हाही घरात यावरून मुलाशी भांडलोय. मार्च २०२२ मध्ये आधी डेव्हांटे ॲडम्स रेडर्सकडे गेला, पाच वर्षांचे १४ कोटी डॉलर, आणि एका रात्रीत सगळ्या मोठ्या रिसीव्हर्सचे भाव वर गेले. हिलला मायामीने चार वर्षांचे १२ कोटी डॉलर दिले. आता त्या वर्षी अख्ख्या टीमची सॅलरी कॅप, म्हणजे पगारांची कमाल मर्यादा, होती २० कोटी ८२ लाख, म्हणजे ५३ खेळाडूंचे पगार त्यात बसवायचे, आणि चीफ्सच्या डोक्यावर मॅहोम्सचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा, २०२० मधला दहा वर्षांचा ४५ कोटींचा करार आधीच बसलेला. क्वार्टरबॅकला एवढे, टाइट एंड, म्हणजे ब्लॉकही करणारा आणि बॉलही पकडणारा, केल्सीला वेगळे, त्यात एका रिसीव्हरला वर्षाला सरासरी ३ कोटी, मग डिफेन्सला काय प्रसाद वाटायचा?

आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात. २०२१ ला हिल असताना सुद्धा हा ऑफेन्स अडकायला लागला होता. समोरच्या टीम्स दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, लांब मागे उभे करायच्या आणि सरळ सांगायच्या की खोल बॉल टाकूच देणार नाही, छोटं छोटं खेळत या. हिल त्या वर्षी १११ कॅच आणि १२३९ यार्ड घेऊन बसला होता म्हणजे वाईट नव्हता, पण जानेवारीत सिनसिनाटीविरुद्ध २१-३ पुढे असताना मॅच ओव्हरटाइमला २७-२४ ने घालवली. तिथे वेगवान माणूस कमी पडला असं म्हणता येत नाही ना.

विकून काय मिळालं तर पाच पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये कॉलेजातले नवे खेळाडू निवडायचे नंबर, त्यात २०२२ चे पहिल्या राउंडचा २९ वा, दुसऱ्याचा ५० वा आणि चौथ्याचा १२१ वा. २९ आणि १२१ मध्ये स्वतःचा ९४ वा घालून २१ व्या नंबरवर उडी मारली आणि ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, घेतला, जो २०२३ ला ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये होता. म्हणजे हिलच्या पैशातून खरं तर डिफेन्स उभा राहिला. हा भाग सोडून नुसतं रिसीव्हरच्या बदल्यात रिसीव्हर कोण असं मोजलं तर हिशेब कायम तोट्यातच दिसणार.

आता मुद्द्याचं. रिसीव्हर सुधारायचे म्हणजे नक्की काय सुधारायचं? टीव्हीवर बघताना वाटतं की तीन-चार पोरं पळतायत आणि एकाला बॉल मिळतोय. पण त्या तीन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. एक जण जिथून प्ले सुरू होतो त्या लाइनवर अगदी उभा राहतो, त्याला हलता येत नाही, समोर कॉर्नर नाकासमोर उभा असतो आणि प्ले सुरू झाला की पहिला धक्का त्यालाच बसतो, त्याला आम्ही एक्स म्हणतो. दुसरा झेड, तो लाइनपासून जरा मागे, त्याला आधी इकडून तिकडे पळवता येतं, वेगवान पोरगा सहसा इथे. आणि तिसरा स्लॉट, आतल्या बाजूला, जिथे लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, आणि सेफ्टी दोघंही फोडायला टपलेले असतात. मॅच टीव्हीवर झेडमुळे सुंदर दिसते, पण थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड जायच्या चार संधींपैकी तिसरी, आणि सहा यार्ड हवेत तेव्हा बॉल जातो आत, त्या गर्दीत, आणि तिथे कोण उभा आहे यावर सगळं ठरतं. मी ऑफसीझनला एकच प्रश्न विचारतो, तिसऱ्या डाउनला मॅहोम्स न बघता ज्या जागेवर बॉल सोडणार आहे त्या जागेवर कोण पोचलेला असेल?

न बघता म्हणजे खरंच न बघता. चांगला क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायच्या आधी बॉल सोडतो, त्याची पाठ असते अजून. साधा हिच रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट, घे, पाच पावलं आणि वळायचं, बस. माझी नवी पोरं दरवर्षी हेच चुकवतात. समोर लाइनबॅकर दिसला की चौथ्या पावलाला वळतात, कारण भीती वाटते, आणि बॉल त्यांच्या डोक्यावरून एक यार्ड मागे जाऊन पडतो आणि सगळे क्वार्टरबॅकला शिव्या घालतात. मी मग गवतावर पांढऱ्या स्प्रेने पाचही पावलं रंगवतो आणि बुटाला रंग लागला नाही तर एक चक्कर. वरच्या लेव्हलला याच्यावर अजून एक थर असतो, समोरचे माणसाला माणूस धरून खेळतायत की जागा धरून खेळतायत हे पळता पळता ओळखायचं, जागा धरली असेल तर मोकळ्या खिडकीत थांबायचं, माणूस मागे लागला असेल तर पळत राहायचं. हे रिसीव्हरने आणि क्वार्टरबॅकने एकाच क्षणी एकच वाचलं पाहिजे. केल्सी आणि मॅहोम्स हे झोपेत करतात. हे विकत मिळत नाही, किंवा मिळतं पण त्याची जाहिरात होत नाही.

खो-खोचा संबंध इथे येतो बघ. मैदानात उतरलेला पळणारा सगळ्यात वेगवान असलाच पाहिजे असं काही नसतं, हुलकावणी कोण देतो ते महत्त्वाचं. खांद्याने एकीकडे दाखवायचं आणि कंबर दुसरीकडे. रूट म्हणजे हेच रे, हूल.

२०२२ चा ऑफसीझन मी म्हणेन दहापैकी आठ. हिलच्या जागी हिल शोधायला गेलेच नाहीत. जूजू स्मिथ-शुस्टरला एका वर्षासाठी स्वस्तात आणला, तो आतलं काम करणारा, दणकट, गर्दीत पकडणारा. मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंग, म्हणजे एमव्हीएस, ग्रीन बेहून, तीन वर्षांचे ३ कोटी, तो उंच आणि लांब पळणारा, त्याचं काम सेफ्टींना मागे खेचून ठेवणं. जूजूने ७८ कॅच आणि ९३३ यार्ड केले, एमव्हीएसने ६८७, केल्सी एकटा १३३८, आणि मॅहोम्सने ५२५० यार्ड टाकून एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेतला. त्याच वर्षी हिलने मायामीत १७१० यार्ड केले, म्हणजे विकलेला माल खराब नव्हता हे पण मान्य करूया. सुपर बोलला, म्हणजे फायनलला, शेवटच्या दोन मिनिटांत ईगल्सच्या ब्रॅडबेरीने ज्याची जर्सी ओढली आणि पेनल्टी झाली तो जूजूच, त्यावरून शेवटची किक आणि ३८-३५. लोक त्या पेनल्टीवर अजून भांडतात. मला त्यात एवढंच दिसतं की तिसऱ्या डाउनला बॉल कुठे जाणार होता.

दोन गुण कापले ते ड्राफ्टसाठी. हा किस्सा मला फार आवडतो म्हणून जरा रेंगाळतो. मायामीकडून आलेला ५० वा नंबर चीफ्सकडे होता. तो न्यू इंग्लंडला देऊन ५४ वर मागे सरकले आणि वर एक पाचव्या राउंडचा पिक मिळवला. ५० वर पेट्रियट्सनी टायक्वान थॉर्नटन घेतला, ५२ वर पिट्सबर्गने जॉर्ज पिकन्स, ५३ वर इंडियानापोलिसने ॲलेक पिअर्स, आणि ५४ वर चीफ्सना मिळाला स्काय मूर. मधल्या चार नंबरांत दोन असे रिसीव्हर गेले ज्यांनी पुढे नाव काढलं, पिकन्सने तर २०२३ लाच ११४० यार्ड केले. मूरचे पहिल्या वर्षी २५० यार्ड, दुसऱ्या वर्षी २४४, तिसऱ्या वर्षी एकही कॅच नाही. अर्थात पिकन्सबद्दल त्या वेळी स्वभावाची कुजबुज होती आणि ड्राफ्ट म्हणजे शेवटी मटकाच, पण रिसीव्हर हवाय हे माहीत असताना, रिसीव्हर्सची रांग समोर उभी असताना, चार पावलं मागे सरकायची काय गरज होती? भाजी मंडईत शेवटी जाऊन घासाघीस करतात ना, स्वस्त मिळते पण निवडायला काही उरत नाही, तसं झालं.

आणि मग २०२३. इथे माझी खरी तक्रार आहे, तू जी करतोयस ती नाही, वेगळीच.

जूजूला पेट्रियट्सनी तीन वर्षांचा, ३ कोटी ३० लाखांपर्यंत जाऊ शकणारा करार दिला. चीफ्सनी जाऊ दिलं. माणसाबद्दलचा अंदाज अगदी बरोबर होता, त्याचा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता आणि तिकडे पहिल्या वर्षी त्याचे २६० यार्ड झाले फक्त. पण माणूस जाऊ दिला म्हणजे ती नोकरी पण बंद झाली असं नसतं ना! ती नोकरी कोण करणार याचं उत्तर होतं कडेरियस टोनी आणि स्काय मूर. टोनीला ऑक्टोबर २०२२ ला जायंट्सकडून आणला होता, तिसऱ्या आणि सहाव्या राउंडचा पिक देऊन. सुपर बोलमध्ये त्याने एक टचडाउन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि ६५ यार्डांचा पंट रिटर्न केला, म्हणजे समोरच्यांनी किक मारलेला बॉल घेऊन उलट पळाला, सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात लांब. त्या एका रात्रीने सगळ्यांचे डोळे दिपले. ऑफसीझनभर टोनी नंबर एकचा रिसीव्हर होऊ शकतो असं उघडपणे बोललं जात होतं.

आता त्या सुपर बोलमधले टोनीचा आणि मूरचा, दोघांचेही टचडाउन परत काढून बघ. दोघंही मोकळे. अगदी मोकळे, आसपास चिटपाखरू नाही. आत पळायला सुरुवात करायची, डिफेन्स बरोबर सरकला की अचानक उलटं वळून बाहेर यायचं, हूल, आणि ती हूल हेड कोच अँडी रीडने कागदावर आखलेली होती. म्हणजे तो गुण मास्तरांचा होता आणि बक्षीस विद्यार्थ्याच्या नावावर लागलं. दोन डिझाइन केलेल्या प्लेवरून अख्ख्या सीझनची नोकरी द्यायची हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढं बोलतोय. एका वर्षी ट्रॅक टीममधला एक रिलेवाला पोरगा आला माझ्याकडे, काय पळायचा, पहिल्याच सराव सामन्यात एका साध्या प्लेवर साठ-सत्तर यार्ड पळून आला आणि मी दुसऱ्या दिवशी त्याला लाइनवर एक्स म्हणून उभा केला. ज्याला मी बाजूला केला तो पोरगा मंद होता पण पाच पावलं म्हणजे पाच पावलं. पुढच्या सामन्यात समोरच्या कॉर्नरने माझ्या रिलेवाल्याच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवले आणि तो जागचा हललाच नाही, दोन क्वार्टर. तिसऱ्या क्वार्टरला मुकाट्याने मंद पोराला परत आत घातला. गाडीत घरी येताना मुलगा म्हणाला, बाबा, मी सांगितलं होतं. असो.

२०२३ ला बाजारात माणसं नव्हती का? होती की. जकोबी मायर्स घे. ड्राफ्टच न झालेला पोरगा, कॉलेजात आधी क्वार्टरबॅक होता म्हणून क्वार्टरबॅक काय बघतो ते कळणारा, आत खेळणारा, पोटतिडकीने ब्लॉक करणारा. पेट्रियट्सनी त्याला सोडला आणि जवळपास त्याच पैशात जूजूला घेतलं, आणि मायर्स तीन वर्षांच्या ३ कोटी ३० लाखांवर रेडर्सकडे गेला, म्हणजे चीफ्सच्याच डिव्हिजनमध्ये! ७१ कॅच, ८०७ यार्ड, ८ टचडाउन. किंवा ॲडम थीलन, वय ३२, कॅरोलायनाला अडीच कोटीत तीन वर्षं, त्याने १०३ कॅच काढले. ही मोठी नावं नाहीत. यांच्या जर्सी पुण्यात कोणी मागवणार नाही. पण ही ती बिनचमकीची नोकरी करणारी माणसं, आणि एमव्हीएसला जे पैसे जात होते साधारण त्याच घरातले दर.

तू म्हणशील मग डिआंड्रे हॉपकिन्स? मे २०२३ ला ॲरिझोनाने त्याला सोडला तेव्हा इथे कॅन्सस सिटीत दर तासाला कोणीतरी अफवा सोडत होतं. तो शेवटी टेनेसीला दोन वर्षांच्या २ कोटी ६० लाखांवर गेला आणि १०५७ यार्ड केले. चाललं असतं का? चाललं असतं. पण मार्चमध्येच चीफ्सनी टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारा, जवान टेलरला चार वर्षांचे ८ कोटी कबूल केले होते, डिफेन्समधल्या ख्रिस जोन्सचं पैशांचं भांडण चालू होतं, आणि मेमध्ये पाकीट उघडून बघितलं तर चिल्लर. मोठं नाव आणायचं असतं तर ते मार्चमध्ये ठरवावं लागतं. आणि नुसती मोठी नावं म्हणशील तर ओडेल बेकहॅमला बॉल्टिमोरने एका वर्षाचे दीड कोटी पक्के दिले, त्याने ५६५ यार्ड केले. हे पण मोठं नावच होतं की.

तर सीझन सुरू झाला आणि काय झालं ते तू पहाटे उठून बघितलंच आहेस. टोनीचा गुडघा कॅम्पच्या सुरुवातीलाच गेला, ऑपरेशन, सराव शून्य, आणि थेट ७ सप्टेंबरला डेट्रॉइटविरुद्ध पहिली मॅच, त्यात केल्सी नाही. हातात आलेले बॉल सुटत गेले, एक तर त्याच्या हातातून उडून डेट्रॉइटच्या ब्रायन ब्रँचच्या हातात आणि सरळ टचडाउन. २१-२० ने हरलो. सुटलेल्या कॅचवर सगळे हसतात पण मला ते कळतं, कॅच म्हणजे सवय असते. स्लिपमधल्या फील्डरला विचार, दोन महिने बॉल हातावर आला नाही की हात कडक होतात. आमच्याकडे पोरं रोज मशीनसमोर उभी राहून शंभर बॉल घेतात, अर्धे टेनिस बॉल, ग्लोव्ह्ज काढून, छातीच्या वरचा असेल तर अंगठे आत, कमरेखालचा असेल तर करंगळ्या आत. तेही कंटाळतात, मी पण.

नोव्हेंबरला ईगल्सविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत एमव्हीएसच्या दोन्ही हातात बॉल, समोर मोकळं मैदान, आणि सुटला, २१-१७. मग १० डिसेंबरची बफेलोची मॅच. केल्सीने कॅच घेऊन मागे टोनीकडे फेकला, टोनी पळत टचडाउनला, स्टेडियम डोक्यावर, आणि पिवळा रुमाल, म्हणजे नियम मोडल्याची खूण, कारण टोनी प्ले सुरू व्हायच्या आधीच लाइनच्या पुढे उभा होता. २०-१७ हरलो. मॅहोम्स रेफरींवर किती भडकला ते सगळ्यांनी बघितलं. पण कोणत्याही रिसीव्हर कोचला विचार. लाइनला उभं राहिलं की साइडलाइनच्या पंचाकडे बघायचं, हात किंवा अंगठा दाखवायचा, तो मान डोलावतो किंवा मागे सरक म्हणून खूण करतो. एक सेकंदाचं काम. चौदा वर्षांच्या पोरांना हे मी पहिल्या दिवशी शिकवतो, बॉलला हात लावायच्या आधी. त्या रात्री मला टीम हरल्याचं जेवढं वाईट वाटलं त्यापेक्षा जास्त चीड या अंगठ्याची आली. बायको म्हणाली झोपा आता.

तुझा पुढचा बाण मला माहितीये, की मामा एवढं सगळं चुकलं तरी त्या वर्षी सुपर बोल जिंकलेच की! जिंकले. डिफेन्सने जिंकवलं आधी, कमी पॉइंट देण्यात लीगमध्ये दुसरा नंबर होता, आणि तिथे तो हिलच्या पिकवर आलेला मॅकडफी होताच. पण रिसीव्हरच्या बाजूनेही एक गोष्ट झाली ती कोणी फारशी बोलत नाही. जानेवारीत चीफ्सनी कोणी नवीन आणला नाही, उलट माणसं कमी केली. टोनी बसला, मूर जखमी यादीत गेला, आणि बॉल जायला लागला मोजून तीन-चार जणांकडे, केल्सी, रशी राइस, थोडा जस्टिन वॉटसन, थोडा एमव्हीएस. नोव्हेंबरमध्ये मॅहोम्स सहा-सात जणांना आजमावत होता आणि कोण कुठे वळेल याची खात्री नाही, आणि जानेवारीत तोच माणूस शांत दिसायला लागला. बॉल्टिमोरला फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये थर्ड डाउन आणि ९ ला ३२ यार्डांचा कॅच घेऊन मॅच बंद करणारा कोण तर एमव्हीएस! नोव्हेंबरचा खलनायक. त्याला त्याचं एकच काम दिलं होतं, लांब पळ.

आणि राइस. दुसऱ्या राउंडचा ५५ वा पिक, डेट्रॉइटशी सौदा करून ६३ वरून वर येऊन घेतलेला, म्हणजे आदल्या वर्षीच्या बरोबर उलट, यावेळी मागे सरकले नाहीत. कॉलेजातून आला तेव्हा उंच उडी मारून पकडणारा म्हणून नाव होतं, पण चीफ्सनी त्याला आत आणला, छोटे कॅच, पकडला की एक जण अंगावर घेऊन अजून सहा यार्ड. ७९ कॅच, ९३८ यार्ड, ७ टचडाउन, आणि जूजूचे आकडे बाजूला ठेवून बघ, जवळपास तेच. ती रिकामी नोकरी शेवटी एका नवख्याने भरली. रीडची पद्धत नवख्यांना हळूहळू आत सोडायची, त्यामुळे तो पूर्ण मिळेपर्यंत अर्धा सीझन गेला होता. मायर्ससारखा एक जण असता तर राइसला घाई नव्हती आणि अंगठ्याची भानगड पण झाली नसती, असं माझं मत. चूक असू शकेल.

२०२४ पटकन सांगतो कारण त्यात नशिबाचा भाग जास्त. मार्कीज ब्राउन एका वर्षासाठी आणला आणि पहिल्या राउंडला ३२ वरून २८ वर उडी मारून झेव्हियर वर्दी घेतला, ४० यार्ड ४.२१ सेकंदात, कंबाइनचा, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीचा, रेकॉर्ड. तोही बफेलोशी सौदा करून, ज्यांना स्वतःला रिसीव्हर हवा होता, त्यांचं ते जाणोत. दोघंही वेगवाले. राइस आत असताना हे एकदम बरोबर होतं, बाहेरून ताणायचं आणि आत त्याला जागा करून द्यायची. पण राइसच्या मैदानाबाहेरच्या प्रकरणामुळे त्याच्यावर बंदी कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि तरी त्याच्या मागे दुसरा आतला माणूस ठेवला नाही, तो ऑगस्टमध्ये आठवला आणि पेट्रियट्सनी सोडलेला जूजूच परत आणला. मग ब्राउन पहिल्याच प्रॅक्टिस मॅचच्या पहिल्याच प्लेला खांद्याने गेला तो डिसेंबरलाच आला. राइस २९ सप्टेंबरला चार्जर्सविरुद्ध गुडघ्याने गेला, तेही मॅहोम्सच येऊन आदळल्यामुळे. ऑक्टोबरला धावपळ करून हॉपकिन्स आणला, तुझं मोठं नाव आलं बघ शेवटी, ३२ वर्षांचं, ४३७ यार्ड. १५-२ असा सीझन आणि सुपर बोलला ईगल्सकडून ४०-२२. वर्दीने त्या मॅचला १५७ यार्ड केले पण बरेचसे मॅच हातातून गेल्यावर.

४.२१ वरून आठवलं, त्याच्या आधीचा रेकॉर्ड जॉन रॉसचा होता, ४.२२, २०१७ ला नवव्या नंबरवर घेतला होता सिनसिनाटीने. तो आज कोणाला आठवतो? वर्दीचं तसं होणार नाही, तो रूट चांगले पळतो, पण घड्याळ बघून पिक मारायची ही खोड या लीगची जात नाही.

मोठं नाव का नाही आणलं याचं उत्तर मग असं, की मोठ्या नावाने पहिली अडचण सुटते आणि चीफ्सची अडचण पहिली नव्हतीच. नंबर एक त्यांच्याकडे होता, तो फक्त टाइट एंड होता म्हणून कागदावर रिसीव्हरच्या यादीत दिसत नव्हता. कमी होता तो दुसरा आणि तिसरा, पाच पावलं मोजणारा. जिथे केल्सी नाही अशा टीमला मी उलटा सल्ला देईन, ओता पैसे. पण केल्सीचे यार्ड पण बघ, २०२२ ला १३३८ आणि २०२३ ला ९८४, म्हातारा होत चाललाय तो, आणि त्याच्या जागी कोण या प्रश्नाला नुसता वेग हे उत्तर नाही.

जर्सी फेकू नकोस. हिल गेल्यावर २०२२ पासून चीफ्समध्ये १० नंबर रनिंग बॅक आयझाया पाचेकोने घातला. तुळशीबागेत नाही तर लक्ष्मी रोडला कोणीतरी अक्षरं बदलून देणारा मिळेलच, मागचं हिल काढ आणि पाचेको लाव, फक्त त्याला स्पेलिंग लिहून दे.